धरमपेठेतलं १९५९ चं घर : निधीच्या कामाच्या नोंदी

१४ जानेवारी २०२४, रविवार

आजपासून नीट लिहून ठेवायचं ठरलंय, कारण हे जुनं घर वाचवायला पैसा लोकांचा येणार आहे आणि उद्या कोणी विचारलं की अमुक निर्णय कधी घेतला, का घेतला, तर वही उघडून दाखवता आली पाहिजे. हिशेब माझ्याकडे म्हणून नोंदीही माझ्याकडे.

घर नागपुरात धरमपेठेत आतल्या गल्लीत आहे. तिथे राहणाऱ्या घरमालकीण काकूंच्या सासऱ्यांनी १९५९ मधे बांधलं, ते कॉलेजात शिकवायचे. आर्किटेक्ट मुंबईला जेजेमधे शिकून आलेला तरुण माणूस होता एवढं घरच्यांना माहीत आहे, आणि त्याच्या हातची दोन ट्रेसिंग, म्हणजे पातळ कागदावरचे नकाशे, काकूंच्या कपाटात आहेत. १९५६ मधे नागपूरची राजधानी गेली, सगळं भोपाळला हललं, पण इथले प्रोफेसर, वकील, डॉक्टर लोक त्याच काळात नव्या पद्धतीची घरं बांधत होते. कमानी नाहीत, खांबावर नक्षी नाही, सपाट छत, लांब छज्जे, पश्चिमेला सिमेंटची जाळी, झेड सेक्शनच्या, म्हणजे झेड अक्षरासारख्या पट्ट्यांच्या लोखंडी खिडक्या, पितळी पट्ट्या टाकून जागेवरच घासलेली मोझॅकची फरशी, आणि दारं सगळी आपल्या सीपी, म्हणजे जुन्या मध्य प्रांताच्या सागवानाची जी अजून एक इंचही वाकलेली नाहीत. रामदासपेठ, धंतोली, धरमपेठेत फिरलं की अशी घरं दिसायची. आता एकेक करून फ्लॅट स्कीममधे चाललीयेत.

मागच्या वर्षी २३ सप्टेंबरच्या पहाटे चार तासांत शंभर मिलिमीटरच्या वर पाऊस पडला, अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला, नाग नदीकाठच्या वस्त्यांत घराघरात पाणी शिरलं. या घरात रस्त्याचं पाणी नाही आलं, वरून आलं. दिवाणखान्याच्या स्लॅबचा मोठा तुकडा सुटून खाली पडला आणि सळ्या उघड्या झाल्या. त्यानंतर बिल्डरांचे फोन वाढले. काकूंनी आर्किटेक्ट ताईला बोलावून सरळ विचारलं की हे घर वाचतं का आणि खर्च किती, तिथून हे सगळं सुरू झालं.

आमच्या गटाचा आजचा ठराव एकच. येणारा पहिला पैसा छताला. रंग, पॉलिश, गेटवरची पाटी, ब्रोशर, यातलं काहीच छताच्या आधी नाही. एकाचं म्हणणं होतं की आधी समोरची बाजू चकाचक करू, ते लोकांना दिसतं, मग देणग्या येतात. मला नाही पटत. वरून पाणी झिरपतंय आणि खालून रंग मारला तर पुढच्या पावसाळ्यात त्याच जागी ओल दिसणार आणि ज्यानं पैसे दिले तो विचारणार की माझे कुठे गेले. त्याला काय उत्तर देणार आपण?

४ फेब्रुवारी २०२४, रविवार

पैशाची व्यवस्था. आम्ही काही नोंदणी झालेली संस्था नाही, नवीन ट्रस्ट काढायचा तर धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी, मग इन्कम टॅक्सचं १२ए (ट्रस्टला करमाफी) आणि ८०जी (देणाऱ्याला सूट), त्यात बराच वेळ जाईल आणि पावसाळा थांबणार नाही. म्हणून शहरातल्या एका जुन्या ट्रस्टला विचारलं, त्यांच्याकडे ही सगळी कागदपत्रं आधीपासून आहेत, त्यांनी या घरासाठी वेगळं खातं आणि वेगळं लेजर ठेवायला होकार दिला. लेखी घेतलंय की हा पैसा दुसऱ्या कुठल्याच कामाला वळवायचा नाही.

देणगीचा डबा ठेवायचा नाही असंही ठरवलं. निनावी देणगी ठरावीक मर्यादेच्या वर गेली की ट्रस्टला त्यावर टॅक्स बसतो, म्हणून क्यूआर कोड आणि पावतीबुक, दोनच गोष्टी. रोख दोन हजारांच्या वर असेल तर त्यावर ८०जीची सूट मिळत नाही हे पावती फाडायच्या आधीच सांगायचं.

आता मोठा प्रश्न, जो प्रत्येक जण विचारतोय आणि विचारायलाच हवा. घर खाजगी आहे, काकू तिथे राहतात, मुलगा बंगळुरूला, मुलगी पुण्याला, उद्या आमच्या पैशानं छत दुरुस्त झालं आणि परवा घर विकलं तर? दादा म्हणजे काकूंचा मुलगा फोनवर होता, तो स्पष्ट बोलला, आणि मला त्याचं बोलणं आवडलं. म्हणाला, "बिल्डर जो आकडा सांगून राहिला तो आमच्यासाठी लहान नाहीये, तुम्ही लोक चांगलं काम करताय पण आमचं नुकसान कोण भरून देणार ते पण सांगा." याचं उत्तर आमच्यापैकी कोणाकडे नाही. एक रस्ता म्हणजे महापालिकेच्या हेरिटेज यादीत घर टाकायला अर्ज करणं, पण यादीत गेलं की मालकाचे हात बांधले जातात ही भीती खरी आहे, आणि घरच्यांच्या मर्जीविरुद्ध असा अर्ज आम्ही करणार नाही. काकूंसमोर शब्द दिलाय.

तोडगा असा निघतोय : पुढचा भाग, म्हणजे दिवाणखाना, अभ्यासिका आणि व्हरांडा, काकू ट्रस्टला दहा वर्षांच्या लीजवर देतील, नाममात्र भाड्यानं, पुढे वाढवायची सोय ठेवून, आणि मागच्या भागात त्या राहतील. मुलं दोघंही सही करतील. एक वर्षाच्या वरची लीज रजिस्टर करावीच लागते, स्टॅम्प ड्यूटी लागेल, ती देणग्यांतून नाही तर आम्ही सातआठ जण वर्गणी काढून भरू.

१८ फेब्रुवारी २०२४, रविवार

स्ट्रक्चरल ऑडिट झालं. इंजिनिअर सरांनी काँक्रीट किती मजबूत आहे ते बघायला हॅमर टेस्ट घेतली, अल्ट्रासॉनिक घेतली, आणि मग जिथे स्लॅबचा तुकडा पडला तिथे काँक्रीट नव्यानं फोडून उघड्या भागावर फिनॉल्फ्थॅलिन मारलं. हे बघायला आर्किटेक्चर कॉलेजची मुलं आली होती. चांगलं काँक्रीट अल्कली असतं, त्यावर हे औषध पडलं की गुलाबी होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड वर्षानुवर्षं आत शिरला की ती अल्कली संपते, मग रंग येत नाही, आणि तिथल्या सळीला गंजापासून वाचवणारं काही उरत नाही. गंजलेली सळी फुगते आणि खालचं काँक्रीट ढकलून पाडते. दिवाणखान्याच्या मधोमध रंग आलाच नाही, पण भिंतीजवळ, जाळीकडच्या पट्ट्यात आणि जिन्यावर झकास गुलाबी. म्हणजे रोग सगळीकडे नाही, जिथे पाणी साचलं तिथेच आहे.

सर म्हणाले घर पाडायचं काही कारण नाही. हे त्यांनी रिपोर्टमधे लिहून दिलंय. निधी मागताना मी सगळ्यात आधी हाच कागद दाखवणार आहे.

स्लॅबची दुरुस्ती आणि छत मिळून वीस लाखांच्या आसपास जाईल, कामावरचा १८ टक्के जीएसटी धरून. खिडक्या, जाळी, फरशी नंतर.

१० मार्च २०२४, रविवार

आज छत उघडलं. पूर्ण नाही, एका कोपऱ्यात तीन बाय तीन फुटांचा खड्डा घेतला, वर काय काय थर आहेत ते बघायला. सगळ्यात वर डांबराचे थर, एकावर एक, प्रत्येक गळतीनंतर कोणी ना कोणी मारलेले. त्याखाली सिमेंटचा जाड गिलावा जो मूळचा नाहीच, मागच्या तीसचाळीस वर्षांत कधीतरी टाकलेला, आणि त्यामुळे छताचा उतार मोडला, पाणी जायच्या नळ्या अर्ध्या बुजल्या. वजन वाढलं ते वेगळंच. त्याखाली चिनीमातीच्या पांढऱ्या तुकड्यांची चायना मोझॅक, इतकी वर्षं दबून राहिलेली आणि तरी लखलखीत. त्याखाली चुना आणि विटांच्या तुकड्यांचा कोबा. आणि मग मिस्त्री थांबला. "ताई, हे काय जी, मडके भरून ठेवले स्लॅबवर?"

उलटी मांडलेली मातीची मडकी, ओळीनं, एकाला एक खेटून, मधल्या फटींत चुना. प्रत्येक मडक्याच्या पोटात हवा कोंडलेली. उन्हाळ्यात छत तापतं पण ती हवा उष्णता खाली पोचू देत नाही, आणि वजनही फार पडत नाही. ताई छतावर मांडी घालून बसली आणि बराच वेळ एक मडकं हातात फिरवत राहिली. काकूंना वर येता येत नाही तर फोटो दाखवला, त्या म्हणाल्या, "अगं मामंजी म्हणायचे या घराला कूलर लागत नाही, आम्हाला वाटायचं आपलं कौतुक करून राहिले."

नागपुरात कूलरशिवाय मे महिना काढणारं घर! मला इतके दिवस शब्द सापडत नव्हते की हे घर का राखायचं ते लोकांना कसं सांगू. जुनं आहे म्हणून सांगावं तर लोक म्हणतात पासष्ट वर्षं म्हणजे काय जुनं, जुनं म्हणजे जुम्मा दरवाजा, सीताबर्डीचा किल्ला. आणि कायद्यानंही ते बरोबर आहे, १९५८ चा केंद्राचा कायदा शंभर वर्षांच्या आतलं काही प्राचीन स्मारक मानतच नाही. दिल्लीतल्या प्रगती मैदानावरचं हॉल ऑफ नेशन्स याच कारणानं गेलं. राज रेवल यांचं डिझाइन, महेंद्र राज यांचं इंजिनिअरिंग, १९७२ चं, काँक्रीटचा तेवढा मोठा स्पेस फ्रेम, म्हणजे त्रिकोणांच्या जाळीचा सांगाडा, म्हणून जगभर नावाजलेलं, आणि तिथल्या हेरिटेज कमिटीचा नियम होता की साठ वर्षं पूर्ण पाहिजेत. एप्रिल २०१७ मधे रात्रीतून पाडलं. आपल्या घराला पासष्ट झालीयेत, पण वय पुढे करून आपण जिंकत नाही. सुंदर आहे म्हणावं तर निम्म्या लोकांना ते गोदामासारखं दिसतं. पण ऊन! उन्हाबद्दल नागपूरच्या माणसाला काही समजावून सांगावं लागत नाही. पश्चिमेला जाळी का, जिना आणि कोठीघर त्याच बाजूला का टाकलं, छज्जा एवढा लांब का, खिडकीच्या वर वेंटिलेटर का, छतावर मडकी का, सगळ्याचं उत्तर एकच, मे महिना. आर्किटेक्ट चार्ल्स कोरियांनी अहमदाबादला ट्यूब हाउस केलं तेही याच विचारानं, गरम हवा वर चढून छताच्या फटीतून निघून जाईल अशी रचना, स्वस्त घर, एसीविना. ते घर आता नाहीये, पाडलं. पाँडिचेरीच्या अरविंद आश्रमाचं वसतिगृह गोलकोंड मात्र उभं आहे, अँटोनिन रेमंड यांचं, दुसऱ्या महायुद्धाच्या काळातलं, बाहेरून सगळे आडवे लूव्हर्स, आत सागवानी सरकती दारं, आणि तिथे अजून माणसं राहतात, रोज झाडपूस होते. राहतं घर टिकतं.

वॉटरप्रूफिंगवाला ठेकेदारही आला होता. त्याचं कोटेशन असं की सगळं उखडून टाकू, मडकी बिडकी फेकू, मेम्ब्रेन टाकून देतो, दहा वर्षांची गॅरंटी, आणि आमच्या अंदाजाच्या निम्म्यात. पैशाचा विचार केला तर मोह होतो, खोटं कशाला बोलू. पण मडकी काढली तर ते घर फक्त दिसायला राहील, मग काकूंना दोन एसी लावावे लागतील. ताईनं नाही म्हणून सांगितलं, सगळ्यांनी दुजोरा दिला.

३१ मार्च २०२४, रविवार

आर्थिक वर्षाचा शेवटचा दिवस, फोन आणि पावत्या यातच गेला. एक गोष्ट नोंदवून ठेवते, निधी जमवणाऱ्या दुसऱ्या कोणालाही उपयोगी पडेल. ८०जी सांगितलं की रिटायर्ड मंडळी आणि दुकानदार लगेच विचारतात, पण नोकरी करणारी तरुण मुलं आता बहुतेक नव्या टॅक्स पद्धतीत आहेत, तिथे ही सूट नाहीच, त्यांना पावतीचं काही आकर्षण नाही. त्यांना विचारावं लागतं वेगळ्या पद्धतीनं.

आणि ती पद्धत सापडलीये. एक मडकं, पाचशे रुपये. उघडलेल्या भागावरून अंदाज असा की साधारण नऊशे मडकी बदलावी लागतील, बाकीची चांगली आहेत, ती धुऊन परत त्याच जागी. मडक्याची किंमत पाचशे नाही हे आवाहनात साफ लिहिलंय, मडकं स्वस्तच येतं, बाकीचा पैसा जुनं काढणं, चुना, कोबा, मजुरी याला. देणाऱ्याचं नाव मडक्याच्या आतल्या बाजूला भाजायच्या आधी कोरायचं, कोबा झाला की ते दिसणार नाही. कॉलेजच्या एका मुलीची कल्पना. मला भीती वाटत होती की न दिसणाऱ्या नावासाठी कोण देईल, पण लोक आईच्या नावानं, आजोबांच्या नावानं मडकी देताहेत, एका बाईनं तर आपल्या पाडलेल्या घराच्या पत्त्यानं दिलं, नाव नकोच म्हणाली, घर नंबर आणि गल्ली कोरा.

कुंभारकाकांकडे जाऊन आलो. जुनं मडकं हातात घेऊन त्यांनी बोटानं वाजवलं, आत वाकून पाहिलं, म्हणाले माती इथलीच आहे, करून देतो पण आत्ता नाही, "आता माठाचा सीझन हाय ताई, जूनपर्यंत मान वर करायला फुरसत नाही." बरोबरच आहे, मार्च ते मे त्यांची वर्षाची कमाई. पन्नास नमुन्याची आत्ता, बाकीची पावसाळ्यानंतर, असं ठरलं. ॲडव्हान्स दिला.

२१ एप्रिल २०२४, रविवार

शुक्रवारी मतदान होतं त्यामुळे मागचे दोन आठवडे कोणाला भेटताच आलं नाही, कंपन्यांचे साहेब लोक तर फोनही उचलत नव्हते.

आज पहिल्यांदा घर लोकांना उघडलं. वेळ मुद्दाम दुपारी एक ते चार. लोक म्हणाले वेड लागलंय का, एप्रिलमधे दुपारी एकला कोण घराबाहेर पडतं, सकाळी आठला ठेवा. पण सकाळी आठला नागपुरातलं कुठलंही घर बरंच वाटतं. दुपारी एकला उन्हातून चालत येऊन व्हरांड्याच्या आत पाऊल टाकलं की जे वाटतं ते दाखवायचं होतं. पंखे बंद ठेवले होते, काकूंची आज्ञाच होती. "बसा नं दहा मिनिटं, मग बोला." जाळीला वाळ्याचे पडदे लावून त्यावर पाणी मारलं होतं, पूर्वी जसं करायचे तसं.

घर दाखवायचं काम कॉलेजच्या मुलांनी केलं. ही गोष्ट आम्ही आर्किटेक्ट रिचर्ड न्यूट्राच्या घरावरून घेतली. लॉस एंजेलिसमधलं त्याचं व्हीडीएल घर १९३२ चं, १९६३ मधे जळालं, परत बांधलं, आणि त्याच्या बायकोनं ते कॅल पॉली पोमोना या कॉलेजला दिलं. तिथे आर्किटेक्चरचे विद्यार्थीच शनिवारी लोकांना घर फिरवून दाखवतात. इथल्या मुलांनी घराचं माप घेऊन ड्रॉइंग काढलंय, त्यांना प्रत्येक दाराचं बिजागर माहीत आहे, त्यामुळे बोलणं पाठ केल्यासारखं नव्हतं. एका आजोबांनी विचारलं की सपाट छत गळणारच, हे डिझाइनच चुकीचं नाही का. मुलानं सांगितलं की पॅरिसजवळचं ल कॉर्बुझिएचं व्हिला साव्हॉय पण गळायचं, घरमालकीणबाईंची तक्रारीची पत्रं आहेत, पुढे ते पाडून शाळा बांधायचा बेत होता, तरी लोकांनी वाचवलं आणि १९६५ मधे त्याला संरक्षण मिळालं. सपाट छताला उतार आणि नळ्या साफ ठेवाव्याच लागतात, आपल्याकडे तेच झालं नाही. आजोबांनी पाच मडकी दिली.

२ जून २०२४, रविवार

गुरुवारी सगळ्या देशात नागपूरची बातमी होती. रामदासपेठेतल्या एका ऑटोमॅटिक सेन्सरनं ५६ डिग्री दाखवलं. हवामान खात्यानं नंतर सांगितलं की सेन्सर बिघडला होता, बाकीच्या ठिकाणी ४४ च्या आसपास होतं. पण दोन दिवस शहरात दुसरा विषय नव्हता आणि आम्ही त्याचा उपयोग करून घेतला.

मुलांनी महिनाभर दोन थर्मामीटर लावून ठेवलेत, एक बाहेर सावलीत, एक अभ्यासिकेत, पंखा कूलर काही नाही. दुपारी सातआठ डिग्रीचा फरक पडतो. रात्री खिडक्या आणि वेंटिलेटर उघडे ठेवायचे आणि सकाळी साडेसातच्या आत सगळं बंद करायचं, ही काकूंची शिस्त पाळली तर. एक दिवस उशीर झाला बंद करायला तर फरक लगेच कमी झाला. ज्या खोलीत मडक्यांवर सिमेंटचा गिलावा जास्त जाड आहे आणि ओल आहे ती खोली जास्त तापते. हा तक्ता आता आवाहनासोबत जातो आणि मला वाटतं निम्मे पैसे त्या तक्त्यानं आणलेत.

आत्तापर्यंत साडेनऊ लाख. त्यातली मडक्यांची रक्कम साडेतीन.

एका मोठ्या व्यापाऱ्याचा निरोप आलाय की उरलेले सगळे पैसे तो एकटा देतो. अटी दोन. घराला त्याच्या वडिलांचं नाव, आणि पुढच्या भागात कॅफे, जाळीच्या आतून काच लावून एसी. नावाचं एक वेळ बोलता येईल, पण जाळीला काच लावायची म्हणजे वारा बंद, आणि ज्या गोष्टीसाठी आपण नऊ लाख मागितले तीच बुजवायची. दोन तास वाद झाला. दोघांचं म्हणणं होतं की छत वाचतंय तर काच काय नंतर काढता येते. मी विरोधात बोलले, कारण पाचशे रुपये देऊन आईचं नाव कोरून घेणाऱ्या माणसाला आपण सांगितलंय की हे घर वाऱ्यावर चालतं. काकूंना विचारलं तर त्या एवढंच म्हणाल्या, "काच लावायची असती तर बिल्डरलाच नाही का दिलं असतं." नम्रपणे नकार कळवला. खिडक्यांचं काम वेगळं आहे, ते हवं तर त्यांच्या वडिलांच्या नावानं करू, असंही लिहिलंय. उत्तर नाही.

२० जुलै २०२४, शनिवार

पहाटेपासून धो धो. मे महिन्याच्या शेवटी नमुन्याचा एक कोपरा पूर्ण करून घेतला होता, जुनी आणि नवी मडकी मिसळून, चुन्याचा कोबा, वर चायना मोझॅक. त्या उन्हात चुना फार लवकर वाळतो आणि तडकतो, म्हणून ओली पोती अंथरून दिवसातून चारदा पाणी मारायला लागलं, काकूंच्या कामवाल्या मावशींच्या मुलानं ते काम एक दिवसही चुकवलं नाही. बाकी छतावर ताडपत्री.

आज सकाळी सहाला छत्री घेऊन गेले. नमुन्याच्या कोपऱ्याखाली छत कोरडं ठणठणीत. शेजारी ताडपत्रीखाली मात्र दोन ठिकाणी टपटप, बादल्या लावल्या. व्हिडिओ काढून सगळ्या देणगीदारांना पाठवला, दोन्ही बाजू, कोरडी पण आणि बादल्यांची पण. दुपारपर्यंत साठेक हजार आले.

१५ सप्टेंबर २०२४, रविवार

लीज रजिस्टर झाली. दादा बंगळुरूहून आला होता, त्याची बहीण पुण्याहून. सही करताना दादा म्हणाला की दहा वर्षांनी परत बसू, तेव्हा आकडे परत मांडा. मांडू.

सीएसआरचं, म्हणजे कंपन्यांनी समाजकामावर करायच्या खर्चाचं. कंपनी कायद्याच्या कलम १३५ खाली ठरावीक आकाराच्या कंपन्यांना तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के खर्च करावे लागतात, आणि सातव्या परिशिष्टात ऐतिहासिक महत्त्वाच्या इमारतींची दुरुस्ती बसते. ट्रस्टचा सीएसआर-१, म्हणजे असा पैसा घेण्यासाठीच्या नोंदणीचा फॉर्म, झालेला आहे. तरी दोन ठिकाणी नकार, कारण यादीत नसलेलं घर ऐतिहासिक कसं हे त्यांच्या ऑडिटरला सांगता येत नाही. तिसऱ्या कंपनीला आम्ही घराचा इतिहास आणि थर्मामीटरचा तक्ता दिला आणि विद्यार्थ्यांचं ट्रेनिंग जोडलं, म्हणजे लोखंडी खिडक्या, चुना, मोझॅक ही कामं मुलं आणि तरुण मिस्त्री प्रत्यक्ष शिकतील, त्यावर त्यांनी सात लाख मंजूर केले, दोन हप्त्यांत. माझं मत असं झालंय की सीएसआरवाल्यांकडे इमारत घेऊन जाऊ नये, त्या इमारतीत कोण काय शिकणार ते घेऊन जावं. आणि जायचं ते ऑगस्टच्या आत, जानेवारीनंतर सगळे घाईत असतात.

२० ऑक्टोबर २०२४, रविवार

दसरा झाला, पाऊस गेला, काम सुरू. डांबर आणि सिमेंटचा गिलावा छिन्नीनं काढताहेत, मशीन लावायचं नाही कारण हादऱ्यानं खालची मडकी फुटतात. खालून स्लॅबच्या सळ्या घासून, गंज रोखणारा झिंक प्रायमर, मग पॉलिमर मॉर्टर. जिथे सळी फार खाल्ली गेलीये तिथे बाजूला नवी.

कुंभारकाकांनी पहिली तीनशे मडकी आणून दिली. नावं त्यांच्या नातवानं कोरलीत, अक्षर सुंदर आहे. अडुसष्ट मडकी भट्टीत तडकली, त्या नावांची परत करून देणार, पैसे घ्यायला तयार नव्हते, दिले. ज्यांची नावं आहेत त्यांना बसवायच्या दिवशी बोलावतोय. आज एक मुलगा आजोबांना धरून वर घेऊन आला, त्यांनी स्वतःच्या हातानं बायकोचं मडकं उलटं ठेवलं आणि मिस्त्रीला सांगितलं फट नीट भर रे बाबा.

२२ डिसेंबर २०२४, रविवार

गेल्या आठवड्यात विधिमंडळाच्या अधिवेशनामुळे सिव्हिल लाइन्सकडून येणारी वाहतूक अडलेली, चुन्याची गाडी दोन तास उशिरा आली, पण आता तेवढंही काम उरलेलं नाही. छत पूर्ण झालं. नळ्या मोकळ्या केल्या, उतार मूळच्या ट्रेसिंगप्रमाणे परत दिला, चायना मोझॅकचे जुने तुकडे निघाले तेवढे सगळे परत वापरले. बुधवारी तोंडं बंद करून छतावर पाणी भरून ठेवलं, शनिवारी संध्याकाळी सोडलं. खालून एकही डाग नाही. इंजिनिअर सरांनी सही करून रिपोर्ट दिलाय.

हिशेब : जमा एकवीस लाख चाळीस हजार, खर्च एकोणीस लाख ऐंशी हजार, कंपनीचा दुसरा हप्ता यायचाय, तो या जमेत धरलेला नाही. पूर्ण जमाखर्च, प्रत्येक बिलाच्या फोटोसकट, सगळ्या देणगीदारांना गेलाय. फॉर्म १०बीडी, म्हणजे देणग्यांचं इन्कम टॅक्सला द्यायचं विवरण, मे अखेरीच्या आत ट्रस्टकडून भरून घ्यायचाय, ती आठवण मीच ठेवते.

पुढचं काम लोखंडी खिडक्या. चौदा आहेत, चार इतक्या गंजल्यात की खालची पट्टी हातात येते. झेड सेक्शन आता सहज मिळत नाही, एका जुन्या फॅब्रिकेटरकडे थोडा माल शिल्लक आहे असं कळलंय, सोमवारी बघायला जाणार. अ‍ॅल्युमिनियमची स्लायडिंग बसवा म्हणून सल्ला देणारे बरेच भेटताहेत, पण स्लायडिंगची अर्धीच खिडकी उघडते, आणि या घराला रात्री सगळ्या खिडक्या सताड उघड्या लागतात. एका खिडकीला किती खर्च ते फॅब्रिकेटरकडून कळलं की आवाहन काढू.